सतरा ध्येये आणि विहाराची दानपेटी



संयुक्त राष्ट्रसंघ कुठे आणि आमच्या बोरीचा बुद्धविहार कुठे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरचे आमचे गाव. कापूस, सोयाबीन, तूर यांवर जगणारे. पाऊस रुसला की माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, नाहीतर पुण्या-मुंबईची वाट धरतात. अशा गावातल्या विहाराच्या दानपेटीत पौर्णिमेला पाच-दहा रुपयांची नाणी पडतात. त्या पैशाचा जगाच्या विकासाशी काय संबंध?

माझे म्हणणे असे की संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

२५ सप्टेंबर २०१५ रोजी जगातील १९३ देशांनी न्यूयॉर्कमध्ये एक ठराव केला. २०३० सालापर्यंत जगाने गाठायची १७ ध्येये त्यांनी ठरवली. त्यांना ‘शाश्वत विकास ध्येये’ म्हणतात. त्यांच्या पोटात १६९ लहान-मोठी लक्ष्ये आहेत. कोणी गरीब राहू नये, कोणी उपाशी झोपू नये, सर्वांना आरोग्य व शिक्षण मिळावे, स्त्री-पुरुष समान व्हावेत, प्रत्येकाच्या दारी स्वच्छ पाणी यावे, कामाला मान व योग्य दाम मिळावा, विषमता घटावी, माती, पाणी आणि हवा पुढच्या पिढीसाठी राखावी, सर्वांना न्याय मिळावा. आणि हे सारे एकमेकांच्या साथीने करावे. या सगळ्यांच्या मुळाशी एक वचन आहे: कोणालाही मागे ठेवायचे नाही.

हे वाचल्यावर आंबेडकरी माणसाला वाटते, अरे, हे तर आपल्याच घरचे बोलणे आहे! पाण्याचा हक्क म्हटला की आपल्याला २० मार्च १९२७ चे महाड आठवते. स्त्रियांची समानता म्हटली की हिंदू कोड बिल आठवते. जगाने जे २०१५ साली लिहिले, ते आपल्या बापाने कितीतरी आधी सांगून ठेवले होते.

परंतु नुसता अभिमान बाळगून पोट भरत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्याच २०२४ च्या अहवालाने सांगितले की, ज्या लक्ष्यांची प्रगती मोजता आली त्यांपैकी अवघी १७ टक्के लक्ष्ये वाटेवर होती. मुदतीतली दहा वर्षे तर सरूनही गेली. मग ही ध्येये गाठायची कोणी? सरकारने, हे खरेच. परंतु सरकारच्या हिशेबात माणूस टक्केवारीत मोजला जातो. मागे कोण राहिले, त्याचे नाव काय, त्याचे घर कोणत्या बोळात, हे फक्त गल्लीतल्या संस्थेला ठाऊक असते. लहान संस्थेची खरी श्रीमंती ही आहे.

न्यूयॉर्कमध्ये साजरी झालेली जयंती

१३ एप्रिल २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात परमपूज्य बाबासाहेबांची १२५ वी जयंती प्रथमच साजरी झाली. त्या दिवशीच्या चर्चेचा विषय होता, शाश्वत विकास ध्येये गाठण्यासाठी विषमतेशी लढा. हा कार्यक्रम भारताच्या तेथील कार्यालयाने घेतला, आणि त्यात साथ होती कल्पना सरोज फाउंडेशन व फाउंडेशन फॉर ह्युमन होरायझन या दोन संस्थांची. राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या तेव्हाच्या प्रमुख हेलन क्लार्क तेथे बोलल्या.

कल्पनाताई सरोज या आपल्या अकोला जिल्ह्यातील रोपरखेड्याच्या. वडील पोलीस हवालदार. एका खेड्यातील बौद्ध घरातली मुलगी मोठी उद्योजिका होते, २०१३ साली पद्मश्री मिळवते, आणि तिच्या नावाची संस्था बाबासाहेबांना जगाच्या सभागृहात घेऊन जाते, ही साधी गोष्ट नव्हे. त्या सभागृहात जे बोलले गेले ते आपल्या गल्लीत उतरवायचे काम मात्र न्यूयॉर्कचे नाही. ते आपल्या मंडळांचे, विहारांचे आणि न्यासांचे आहे.

हितकारिणी सभेचा वारसा

संस्था काढून समाजाचे काम करणे आपल्याला परक्याने शिकवलेले नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिची कचेरी होती. तिची उद्दिष्टे काय होती? वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे, वाचनालये व अभ्यासवर्ग चालवणे, उद्योग व शेतीच्या शाळांतून आर्थिक स्थिती सुधारणे, आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे. १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. सभेने वसतिगृह काढले, आणि त्याच सभेने गाऱ्हाणीही मांडली. दान आणि हक्क या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या दोन हातांत होत्या. आज अनेक ठिकाणी दोन हातांची ताटातूट झाली आहे. एक संस्था वह्या वाटते आणि फोटो काढते; दुसरी मोर्चा काढते आणि मोर्चा संपला की घरी जाते. बाबासाहेबांचा नमुना असा नव्हता.

पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बाबासाहेबांनी महाविद्यालय उघडले. तेच आपले मिलिंद. निजामी अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिलेल्या मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले तेथे ट्रंका घेऊन पोहोचली. आज आपल्या भागात जे मास्तर, वकील, कारकून, लेखक दिसतात, त्यांतल्या किती घरांचा उंबरठा मिलिंदमुळे ओलांडला गेला, हे ज्याने त्याने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. चौथे ध्येय शिक्षणाचे आहे, दहावे विषमता घटवण्याचे. या दोन्हींची पायाभरणी आपल्या मराठवाड्यात एका संस्थेनेच केली होती.

आधी यादी, मग मदत

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झालो, म्हणून आमच्या विहाराच्या मंडळाने कीर्द-खतावणी माझ्या गळ्यात टाकली. आमचे मंडळ मोठे नाही. पत्र्याचा सभामंडप, तथागतांची आणि बाबासाहेबांची मूर्ती, एक कपाट पुस्तके, सतरंज्या, एक ध्वनिक्षेपक आणि नोंदणीचे प्रमाणपत्र, एवढीच आमची इस्टेट.

काही वर्षांपूर्वी मंडळात एक प्रश्न निघाला. आपण दरवर्षी जयंतीनंतर उरलेल्या पैशातून वह्या वाटतो. ज्याच्या घरी दोन नोकऱ्या आहेत त्याच्या मुलालाही वही, आणि ज्याचा बाप ऊसतोडीला गेला त्याच्या मुलालाही वही. पण दुसरा मुलगा त्या दिवशी वही घ्यायला नसतोच; तो आई-बापाबरोबर फडावर असतो. मग आपली वही पोहोचली कोणाला?

तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, आधी कोण कोण नाही ते तरी लिहून काढा. जे हायेत त्यायला तर सगळेच देतेत.”

त्या मावशींची शाळा दुसरीतच सुटलेली. त्यांनी राष्ट्रसंघाचे ठराव वाचलेले नाहीत. पण कोणालाही मागे ठेवायचे नाही या वचनाचा याहून सोपा अर्थ मी कुठे ऐकलेला नाही.

आम्ही घरोघर फिरून एक वही भरली. शाळेतून सुटलेले मूल कोणते? दहावीनंतर घरी बसलेली मुलगी कोणती? कोणाच्या घराचा नमुना आठचा उतारा नाही? कोणत्या निराधार बाईची पगार बंद पडली? जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड कोणाचे अडले? कोण आजारी असून दवाखान्यात जात नाही? या वहीला आम्ही काही नाव दिले नाही. पण जो कोणी ती वाचील त्याला गरीबी, भूक, आरोग्य, शिक्षण, समानता, पाणी, काम, न्याय ही सगळी ध्येये आमच्या दोन गल्ल्यांत नावागावानिशी भेटतील.

यादी झाल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बहुतेक नावांपुढची गरज पैशाची नव्हती. कागदाची होती, माहितीची होती, सोबत जाणाऱ्या माणसाची होती. एका मुलीने अकरावीला परभणीला जाणे सोडले होते, कारण एस.टी.चे भाडे परवडत नव्हते. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, हे तिच्या घरी कोणी सांगितलेच नव्हते. मंडळाचा खर्च किती? एका फॉर्मचा आणि एका सकाळचा.

लग्नाची नोंदवही

यादीत सर्वांत जास्त बोचणारी पाने मुलींच्या लग्नाची होती. यावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा आपल्या परभणी जिल्ह्याचा उघडा घाव आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. साऱ्या महाराष्ट्राचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. म्हणजे राज्यात पाचांत एक, तर आपल्या जिल्ह्यात जवळजवळ दोघींत एक! पाचव्या ध्येयात बालविवाह संपवण्याचे लक्ष्य स्वतंत्र लिहिलेले आहे. जगाच्या त्या कागदावर परभणीचे नाव नाही, पण ते कलम जणू आपल्यासाठीच लिहिले आहे.

हे का घडते? आई-बाप दुष्ट असतात म्हणून नव्हे. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. इकडे वयात आलेली मुलगी सहा महिने घरी एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर? फडावर न्यावी तर कोपीत दार नाही, न्हाणीघर नाही. वरची शाळा लांब. थोरलीच्या मांडवात धाकटीचे उरकले तर खर्च वाचतो. मुलगी लहान तर हुंडा कमी. ही सगळी कारणे एकत्र आली की नववीतली पोर बोहल्यावर उभी राहते. पुढे अठराव्या वर्षी दोन लेकरे, अंगात रक्त नाही, आणि शाळेचे दप्तर माळ्यावर.

माझ्या आईचे लग्न झाले तेव्हा तिला नीट लुगडेही नेसता येत नव्हते. ती पिढी अडाणी होती म्हणून आपण सोडून देऊ. पण पंचशील म्हणणाऱ्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असणाऱ्या आजच्या घरात तसेच घडावे?

आमच्या मंडळाने येथे एक साधा नियम केला. विहारात किंवा वस्तीत बौद्ध पद्धतीने लग्न लावायचे असेल तर बौद्धाचार्यांनी आधी वधू-वरांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला पाहायचा, नोंदवहीत तारीख लिहायची, आणि मुलीला अठरा व मुलाला एकवीस पूर्ण असतील तरच विधी लावायचा. या नियमाला एक पैसा लागला नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार असे लग्न लावून देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगितल्यावर बौद्धाचार्यांनाही नियमाचा आधार वाटला. नाहीतर पाहुण्यांच्या भिडेपुढे एकटा माणूस किती टिकणार?

पहिल्याच वर्षी कसोटी आली. नववीतल्या एका मुलीचे ठरले होते. महिला मंडळाच्या बाया तिच्या घरी गेल्या. पोलिसांचे नाव काढले नाही. मुलीची आजी कडाडली, “तुम्ही सांभाळता का सहा महिने? काही वंगाळ झालं तर तोंड कोणाला दाखवायचं?” प्रश्न खरा होता. त्याला भाषण हे उत्तर नव्हते. तेव्हा मंडळाने ठरवले की आई-बाप तोडीला गेल्यावर मुलगी आणि आजी दोघींनी गावात राहायचे, शेजारच्या दोन बायांनी रोज संध्याकाळी चक्कर मारायची, आणि दानपेटीतून दोघींच्या दाण्याला हातभार लावायचा. शाळेतल्या बाईंनीही लक्ष ठेवले. त्या वर्षी लग्न टळले. पुढच्या वर्षी मुलीने दहावीची परीक्षा दिली. जी आजी आमच्यावर कडाडली होती, तीच आता दुसऱ्या घरी जाऊन सांगते, “शिकू द्या गं बायांनो, घाई कशाची?”

सगळ्याच वेळी यश आले असे नाही. एका मुलीचे लग्न आम्ही नाही म्हटल्यावर दुसऱ्या गावी नेऊन रातोरात लावण्यात आले. ती मुलगी आता फडावर असते. तिचे नाव आमच्या वहीत आहे. ते आम्ही खोडलेले नाही.

त्या घटनेवरून कळले की एकट्या विहाराने दार लावून भागत नाही, शेजारचे दार उघडे असते. म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या मंडळांना पत्रे दिली, अंगणवाडीच्या ताई, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांना विहारात बोलावले, आणि लहान मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन क्रमांक भिंतीवर रंगवला. सतरावे ध्येय सांगते की भागीदारी करा. मोठमोठ्या सभागृहांत त्यावर व्याख्याने होतात. आमच्याकडे ती भागीदारी सतरंजीवर बसून, चहाच्या कपावर झाली.

येथे मला कल्पनाताई सरोज पुन्हा आठवतात. त्यांचे लग्न बाराव्या वर्षी झाले होते. सासरचा छळ पाहून वडिलांनी त्यांना परत आणले, असे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. बाराव्या वर्षी जिचे आयुष्य संपल्यासारखे झाले होते, तिच्याच नावाच्या संस्थेने बाबासाहेबांची जयंती जगाच्या दारात नेली. आपल्या गल्लीतल्या नववीतल्या पोरीकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

हक्काचा पैसा कुठे आहे?

लहान संस्थेची दानपेटी समुद्रातला थेंब असते. त्या थेंबाने समुद्र भरत नाही. पण हक्काचे पाणी जिथे अडले आहे तिथली झडप उघडता येते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कशावर झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. गावाचा वार्षिक विकास आराखडाही आता याच जागतिक ध्येयांना धरून करायचा असतो. मंडळाने आपली यादी घेऊन ग्रामसभेत बसावे. दहावीनंतर शिकणाऱ्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. घरासाठी रमाई आवास योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची तरतूद आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. रोग्याला परभणीहून संभाजीनगरला नेताना हे माहीत असले तर शेत गहाण पडत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचे दिवस आपण सर्वांनी सोसले आहेत. अशा वेळी वस्तीतल्या माणसाला हे माहीत असले पाहिजे की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. न्यायाचे सोळावे ध्येय विहाराच्या फळ्यावर एका ओळीत लिहिता येते.

आणि जमीन? बीड जिल्ह्यातून एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यातील भूमिहीनांना गायरान जमिनीसाठी उभे केले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा जो शासननिर्णय १९९१ मध्ये झाला, तो कागद हातात घेऊन माणसे तहसीलवर गेली. ज्याच्या पायाखाली जमीन आली त्याची मान वर झाली. गरिबी हटवण्याच्या पहिल्या ध्येयात जमिनीवरचा हक्कही सांगितलेला आहे. ते काम आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील माणसांनी राष्ट्रसंघाच्या ठरावाच्या कितीतरी आधी सुरू केले होते.

कोणी म्हणेल, सरकारचे काम संस्थेने का करावे? करूच नये. सरकारने करायचे काम सरकारकडूनच करून घेणे, हे संस्थेचे काम आहे. ज्या दिवशी संस्था सरकारच्या बदल्यात उभी राहते, त्या दिवशी हक्काची भीक होते.

वही स्वच्छ ठेवा

आता कारकुनाचे दोन शब्द. आपल्या अनेक मंडळांची नोंदणी असते, पण कागद मेलेला असतो. विश्वस्त वारले, नवे आले, तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलेला नसतो. वास्तविक बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवे, ते वर्षानुवर्षे होत नाही. मग वाद होतात, दोन गट पडतात, विहाराला कुलूप लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण तो पैसा नोंदणी, आयकराची प्रमाणपत्रे आणि ठरलेल्या वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्या संस्थांकडेच जातो. आपले कागदच मेले असतील तर तो आपल्या गल्लीत कसा येणार?

दर पौर्णिमेला जमा-खर्च फळ्यावर लिहावा. प्रत्येक रुपयाची पावती फाडावी. खजिनदाराने रोख रक्कम घरात न ठेवता बँकेत भरावी. हे रुक्ष वाटेल, पण ज्या मोलकरणीने वीस रुपये टाकले तिला त्याचे काय झाले हे कळणे, हाही शीलाचाच भाग आहे.

आणि मागायला लाजू नये. पुण्याच्या दापोडीसारख्या वस्त्यांत बहुजन हिताय या बौद्ध संस्थेने आरोग्याचे, बालवाडीचे काम केले, गावोगावच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे चालवली. त्या कामासाठी इंग्लंडमधले बौद्ध तरुण करुणा ट्रस्टच्या वतीने तिकडच्या थंडीत घरोघर दार वाजवून वर्गणी जमा करीत. परके लोक आपल्या लेकरांसाठी दारोदार फिरले. आपण आपल्याच गल्लीत फिरायला का संकोचावे?

विसावा हिस्सा

नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यात प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. चारशे रुपये रोज मिळाला तर वीस रुपये. रोज मजुरी करणाऱ्याला तेही जड जाते, याची मला जाणीव आहे. पण जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीत डीजेच्या भाड्यावर जे जाते, त्याचा विसावा हिस्सा तरी? वाजवू नका असे मी म्हणत नाही. पोरांनी वर्षातून एक दिवस आनंदाने नाचावे. मात्र वाजंत्रीवाला पैसे मोजून घेऊन गेल्यावर गल्लीत काय उरले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाने स्वतःला विचारावे. आमच्या मंडळात यावर दोन बैठका भांडणात गेल्या. तिसऱ्या बैठकीत ठरले की जितकी वर्गणी मिरवणुकीला, तितकीच अभ्यासिकेला आणि त्या वहीतल्या नावांना. तरुण पोरांनीच हा तोडगा काढला, म्हणून तो टिकला.

तेव्हा माझी आपल्या सर्व मंडळांना, न्यासांना आणि महिला मंडळांना विनंती आहे. सतरा ध्येये भिंतीवर लावायची घाई करू नका. आपल्या वस्तीला जे जास्त बोचते असे एक किंवा दोन निवडा. शाळा सुटलेली मुले असोत, मुलींची लग्ने असोत, पाणी असो की दाखले असोत. एक वही घ्या, घरोघर फिरा, नावे लिहा. ज्याचे काम झाले त्याच्या नावापुढे तारीख टाका. २०३० साल उजाडेल तेव्हा राष्ट्रसंघ आपल्या टक्केवारीचा हिशेब मांडील, तो मांडू द्या. त्या दिवशी तुमच्या विहाराच्या वहीत किती नावे अजून तारखेवाचून राहिली आहेत, हा आपला हिशेब.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर पहिले नाव लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!